पिपने जीडीएएल बसत नसेल तर कंपायलरच्या मागे लागू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: प्रबंधासाठी उपग्रह-प्रतिमांवर चालणारी एक जुनी पायथन स्क्रिप्ट गाइडांकडून मिळाली. विंडोजवर पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, 'पिप इन्स्टॉल जीडीएएल' केलं तर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ 14.0 ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड' असं आलं. मग कित्येक जीबींची बिल्ड टूल्स उतरवली, तर आता 'कॅनॉट ओपन इन्क्लूड फाइल: जीडीएएल डॉट एच'. प्रोग्रामिंगचा गंध नाही, तर आधी काय शिकू?

काहीच शिकू नका, सी++ तर मुळीच नको. त्या संदेशात खोटं काही नाही, पण त्याच्या मागे गेलेला माणूस आडरानात शिरतो.

जीडीएएल ही मुळात पायथनची वस्तूच नाही. 1998 पासून वाढत आलेली ती सी++ मधली लायब्ररी आहे, उपग्रह-प्रतिमा आणि नकाशांच्या फाइली हाताळणारी, आणि पायथनचं पॅकेज म्हणजे तिच्यावरचं पातळ आवरण. तिला स्वतःलाही इतर लायब्रऱ्या लागतात, नकाशाच्या प्रक्षेपणांसाठी प्रोज, आकृत्यांच्या भूमितीसाठी जिओस, वगैरे. पिप बहुतेक पॅकेजं आधीच कंपाइल केलेल्या 'व्हील'च्या रूपात आणतं, म्हणून आकडेमोडीचं पॅकेज नमपाय चुटकीसरशी बसतं. जीडीएएलचा मात्र पिपच्या साठ्यात फक्त सोर्स कोड ठेवलेला असतो. मग पिप कंपायलर, म्हणजे त्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणारं साधन, मागतं. तो दिलात, तर हेडर फाइली मागतं (वरची 'जीडीएएल डॉट एच' त्यातलीच), आणि त्या मूळ लायब्ररीसोबत येतात, जी तुमच्या मशीनवर कधी नव्हतीच. ती शोधून आणलीत तर तिची आणि पॅकेजची आवृत्ती जुळायला हवी. हे शेपूट संपत नाही.

कोंडा हे पिपसारखंच पॅकेजं बसवणारं साधन नेमकं हेच दुखणं मिटवण्यासाठी आहे. ते पायथन, सी++ लायब्रऱ्या आणि त्यांची पिलावळ असं सगळं तयार बांधलेलं आणि एकमेकांशी जुळणारं आणतं. त्याचा मिनिफोर्ज हा छोटा इन्स्टॉलर घ्या. कोंडाचाच अ‍ॅनाकोंडा नावाचा भलामोठा इन्स्टॉलर तुम्हाला नको. त्यात न लागणाऱ्या गोष्टी ढीगभर असतात आणि मोठ्या संस्थांसाठी परवान्याच्या अटीही आहेत. आधीचं पायथन काढायची गरज नाही, त्याला हात लावू नका. मिनिफोर्ज बसवताना 'जस्ट मी' निवडा आणि फोल्डरच्या पत्त्यात स्पेस किंवा देवनागरी अक्षर येऊ देऊ नका. विंडोजचं युजरनेमच तसं असेल तर सी ड्राइव्हवर थेट फोल्डर करा.

मग स्टार्ट मेनूतून मिनिफोर्ज प्रॉम्प्ट उघडा आणि ही एकच ओळ द्या (टाइप करताना अर्थातच सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत):

कोंडा क्रिएट -एन सॅट पायथन=3.11 जीडीएएल रास्टेरिओ जिओपांडाज

'सॅट' हे नव्या एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे पॅकेजांच्या स्वतंत्र कप्प्याचं, नाव; रास्टेरिओ प्रतिमांसाठी आणि जिओपांडाज नकाशातल्या आकृत्यांसाठी. सगळी पॅकेजं एकाच ओळीत दिली आहेत ती मुद्दाम. एकत्र मागितली की कोंडा सर्वांना चालतील अशा आवृत्त्या एकदाच ठरवतं, एकेक करून मागितली की आधीची खालीवर होत राहतात. पायथनची अगदी ताजी आवृत्तीही टाळा, शास्त्रीय पॅकेजं तिथवर यायला वेळ लागतो. नंतर 'कोंडा अ‍ॅक्टिव्हेट सॅट'. ओळीच्या सुरुवातीला कंसात 'सॅट' दिसलं की तुम्ही योग्य जागी आहात. 'बेस'मध्ये, म्हणजे मिनिफोर्जच्या मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये, काहीही बसवू नका.

हे एन्व्हायर्नमेंट म्हणजे मांडव आहे, घर नव्हे. बिघडलं तर दुरुस्त करत बसू नका, 'कोंडा रिमूव्ह -एन सॅट --ऑल' करून नवं उभारा. प्रोग्रामर नसलेल्यांचे सगळ्यात जास्त दिवस जातात ते मोडकं एन्व्हायर्नमेंट जोडण्यात. एखादं पॅकेज कोंडात नसेलच तर पिप वापरा, पण सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये पुन्हा कोंडाने भर घालू नका.

आता स्क्रिप्ट चालवाल तर ती बहुधा पहिल्याच ओळीवर अडेल: 'नो मॉड्यूल नेम्ड जीडीएएल'. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका. जुन्या स्क्रिप्टमध्ये नुसतं 'इम्पोर्ट जीडीएएल' असायचं, नव्या आवृत्त्यांत 'फ्रॉम ओएसजीईओ इम्पोर्ट जीडीएएल' लिहावं लागतं. पुढे 'एनपी डॉट फ्लोट'वर रडली तर तिथे नुसतं 'फ्लोट' करा, ते जुनं नाव नमपाय 1.24 मध्ये काढून टाकलं. हे दोष स्क्रिप्टच्या वयाचे आहेत, तुमच्या इन्स्टॉलेशनचे नाहीत.

प्रॉम्प्टमध्ये चालतं पण ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये कोड चालवायची सोय) नाही, असं झालं तर नोटबुक दुसरंच पायथन वापरतंय. 'इम्पोर्ट सिस' करून 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापा. पत्त्यात 'सॅट' नसेल तर कर्नल, म्हणजे नोटबुक ज्या पायथनवर चालतं ते, बदला.

'प्रोज डॉट डीबी' या प्रोजच्या माहितीच्या फाइलबद्दल तक्रार आली तर मात्र विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (ही विंडोजची सेटिंग्ज, कोंडाचं एन्व्हायर्नमेंट नव्हे) 'प्रोज_लिब' शोधा. एखादं दुसरं नकाशा-सॉफ्टवेअर तिथे आपला पत्ता लिहून ठेवतं आणि तुमचं जीडीएएल त्या परक्या फाइलकडे जातं. तेवढा व्हेरिएबल काढा आणि प्रॉम्प्ट बंद करून पुन्हा उघडा. ते दुसरं सॉफ्टवेअर अडलं तर तोच पत्ता परत भरता यावा म्हणून आधी टिपून ठेवा.

प्रतिमा फक्त कापायच्या किंवा प्रक्षेपण बदलायचं असेल तर यातलं काहीच नको, क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये जीडीएएल आतच असतं आणि मेनूतून काम होतं.

तरीही अडलात तर स्क्रीनचा फोटो नको, पूर्ण मजकूर चिकटवा, आणि 'कोंडा लिस्ट'चा निकालही. इन्स्टॉल करताना अडलं असेल तर शेवटच्या चार ओळी बहुतेक वेळा निरुपयोगी असतात, खरं कारण वर जिथे पहिल्यांदा 'एरर' हा शब्द येतो तिथे असतं.