औष्णिक वस्तुमानप्रवाहमापी: विशेषण कोणाचे?

एका वाचकाची विचारणा अशी की, ‘थर्मल मास फ्लो मीटर’साठी ‘औष्णिक वस्तुमान प्रवाह मापी’ असे चार सुटे शब्द वापरलेले दिसतात. त्यांतील ‘औष्णिक’ हे विशेषण वस्तुमानाचे की मापीचे, आणि ‘वस्तुमान’ गाळून नुसते ‘औष्णिक प्रवाहमापी’ म्हटले तर काय बिघडते?

विशेषण मापीचे आहे. उष्णता ही येथे मोजण्याची युक्ती आहे. मोजायचे असते ते दर सेकंदाला नळीतून किती ग्रॅम वायू किंवा द्रव पुढे गेला एवढेच. त्यातच ‘औष्णिक वस्तुमान’ ही इमारतींच्या संदर्भात, भिंतींच्या उष्णता साठवण्याच्या क्षमतेसाठी, वापरली जाणारी वेगळीच संकल्पना असल्यामुळे सुट्या लेखनात वाचक हमखास भलत्या ठिकाणी थांबतो. सामासिक शब्द जोडून लिहिण्याची मराठीची रीत पाळून ‘औष्णिक वस्तुमानप्रवाहमापी’ असे लिहिले की हा घोटाळा मिटतो. ‘मापी’ऐवजी ‘मापक’ही चालेल.

‘वस्तुमान’ का गाळू नये, हे उपकरणाच्या कार्यपद्धतीवरून कळते. एका प्रकारात प्रवाहात दोन तापमानसंवेदक असतात. एक वायूचे तापमान सांगतो, तर दुसरा त्याहून ठरावीक अंशांनी गरम राखला जातो. वाहणारे रेणू त्याची उष्णता ओढून नेतात, आणि फरक कायम ठेवण्यासाठी जितकी जास्त वीज पुरवावी लागते तितका प्रवाह मोठा. दुसऱ्या प्रकारात मुख्य प्रवाहाचा ठरावीक हिस्सा बारीक नळीतून नेऊन मध्ये तापवतात आणि अलीकडच्या व पलीकडच्या तापमानांतील फरक मोजतात. तापमान तेच ठेवून वायूचा दाब दुप्पट केला, तर तेवढ्याच घनफळात जवळपास दुप्पट वस्तुमान मावते; घनफळ मोजणाऱ्या मापीला ते कळत नाही, याला कळते, कारण उष्णता वाहून नेण्याचे काम रेणू करतात, रिकामी जागा नव्हे.

मात्र कोणते रेणू, हे आधी सांगावे लागते. सेकंदाला 1 ग्रॅम हवा 10 अंश सेल्सियसने तापवायला सुमारे 10 वॉट लागतात, तेवढ्याच पाण्याला सुमारे 42. म्हणून हवेसाठी अंशांकन केलेला मापी हेलियमला लावला तर आकडा चुकतो, आणि ओल्या वायूतला एखादा थेंब गरम संवेदकावर बसला तर बाष्पीभवनात गेलेली उष्णताही प्रवाहाच्या नावावर जमा होते. द्रवांच्या बाबतीत वीज अधिक लागते, आणि फार तापवले तर बुडबुडे सुटतात. त्यामुळे द्रवांसाठी हे तत्त्व प्रामुख्याने अगदी लहान प्रवाहांना वापरतात.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. वस्तुमान मोजणारे हे उपकरण आकडा पुष्कळदा ‘मिनिटाला इतके प्रमाण लिटर’ असा दाखवते. हे लिटर ठरावीक तापमानाला व दाबाला कल्पिलेले असते: 0 अंश सेल्सियस आणि 101.325 किलोपास्कल हा संदर्भ घेतला, तर नायट्रोजनचा 1 प्रमाण लिटर म्हणजे सुमारे 1.25 ग्रॅम. काही उत्पादक 20 अंशांचा संदर्भ घेतात, तेव्हा हेच ग्रॅम कमी भरतात. तबकडीवर लिटर दिसत असताना नावातूनही ‘वस्तुमान’ काढून टाकले, तर हे घनफळ मोजणारे यंत्र आहे असाच वाचकाचा समज होईल.