ठेव मोडून ग्रामोफोन घ्यावा का?

वाचकांचं पत्र: मी 62 वर्षांचा, बडोद्यात दांडिया बाजारजवळ राहतो. निवृत्तीच्या वेळी 46 लाख मिळाले. त्यातले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत आणि 16 लाख बँकेत मुदत ठेवीत. घरखर्च महिना 30 हजार. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे 1927 चा, आपोआप रेकॉर्ड बदलणारा व्हिक्टर ग्रामोफोन आहे. नऊ लाख सांगतो, अर्धे रोख. परदेशी लिलावाचे भाव दाखवून पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतो. माझ्याकडे आजोबांच्या दीडशे तबकड्या आहेत. ठेव मोडून घेऊ का? सौ.ला अजून बोललेलो नाही.

नमस्कार.

पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. नऊ लाखांची गोष्ट घरात बोलायची राहिली असेल, तर उत्तर तुम्हालाही थोडंफार माहीत आहे. तरी आकडे मांडू.

बचत योजनेचं व्याज 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. 16 लाखांच्या ठेवीवर सात टक्के धरले तर महिन्याला सव्वानऊ हजारांच्या आसपास. बेरीज जेमतेम तुमच्या खर्चाइतकी. नऊ लाख काढले की दरमहा सव्वापाच हजारांची खोट येते. आणि बचत योजना न मोडता हात घालता येईल असा पैसा तुमच्याकडे या 16 लाखांतच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन, घराची गळती, सगळं त्यातूनच.

आता 'दुप्पट'. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के. पण खरा हिशेब त्याहून कडू आहे. नऊ लाखांवर दुरुस्ती आणि वाहतुकीचा एक लाख धरा. हेच दहा लाख सात टक्क्यांनी पाच वर्षांत चौदा लाख होतात. विकताना दलालाने वीस टक्के घेतले, तर तुमच्या हाती चौदा लाख यायला यंत्र साडेसतरा लाखांना जायला हवं. तेही फक्त ठेवीची बरोबरी करण्यासाठी. आणि ते साडेसतरा लाख देणारा बडोद्यात कोण आहे? हे त्या व्यापाऱ्यालाच विचारा: पाच वर्षांनी तुम्हीच परत घ्याल का, लिहून द्याल का?

परदेशी लिलावाचे भाव खोटे असतील असं मी म्हणत नाही. ते तुमच्या उपयोगाचे नाहीत, एवढंच. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेली, जुन्या काळचं विज्ञान किंवा कला दाखवणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 1927 चं यंत्र 2027 मध्ये शंभर वर्षं पूर्ण करतं. म्हणजे नेमकं तुम्ही विकायला काढाल तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाचा रस्ता बंद झालेला असू शकतो. व्यापाऱ्याने हे सांगितलं नसणार.

यंत्राबद्दलही थोडं बोलतो, कारण मलाही या वेडाची लागण झालेली आहे. नाणं टाकून वाजणारे फोनोग्राफ 1889 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या बारमध्ये होते. शिकागोच्या जॉन गेबलने 1906 मध्ये चोवीस तबकड्यांचं यंत्र काढलं, ते सुईसुद्धा स्वतः बदलत असे. घरगुती वापरासाठी अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने 1927 मध्ये काढलेल्या 10-50 मॉडेलची किंमत तेव्हा 600 डॉलर होती; तुम्ही लिहिता ते यंत्र बहुधा हेच. बारा रेकॉर्ड एकामागून एक वाजवणारं ते कपाट बघायला नुसतं सुंदर आहे, हे मान्य. पण आवाज कर्ण्यातून येत असला तरी मोटर विजेची, तीही 110 व्होल्टची. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरशिवाय लावली तर जळेल. त्या काळच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुईची कंपनं आवाजात बदलणाऱ्या डबीचा, जस्ताचा मिश्रधातू फुगतो, त्याला तडे जातात. शिवाय रेकॉर्ड संपली हे यंत्राला कळण्यासाठी तबकडीच्या शेवटी खास चर लागते. आजोबांच्या तबकड्या 1920 च्या आधीच्या असतील तर बहुतेकींवर ती नसेल. मग तुम्हीच उठून रेकॉर्ड बदलणार. नऊ लाख देऊन!

बाजारात नवे पितळी कर्णे लावलेली, कुत्र्याचं चित्र चिकटवलेली जुळवलेली यंत्रंही भरपूर आहेत. ते वेगळं दुखणं, तुमच्या यंत्राला लागू नाही. पण व्यापारी दोन्ही विकत असेल तर सावध राहा.

रोखीचं मात्र अजिबात ऐकू नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं कायद्याने बंद आहे. दंड घेणाऱ्याला होतो हे खरं, पण साडेचार लाखांची पावती नसेल तर उद्या मालकी आणि किंमत तुम्ही कशी दाखवणार? कराचंही तसंच. स्वतः वाजवायला घरी ठेवलेली वस्तू विकून झालेल्या नफ्यावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गुंतवणूक म्हणून घेतली तर दोन वर्षांनंतर साडेबारा टक्के. तुम्ही तर पत्रातच 'दुप्पट' लिहून बसला आहात.

आणि घर तळमजल्यावर आहे का? 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. असं कपाट चार माणसांनाही पटकन वर नेता येत नाही. गृहविम्यात पुरातन वस्तू मूल्यांकन करून वेगळी नोंदवावी लागते, नाहीतर दावा करताना हात हलवत परत याल.

तेव्हा माझं मत: हे यंत्र घेऊ नका. पण तबकड्या पेटीत ठेवून कुढतही बसू नका. एचएमव्हीचं 102 मॉडेल शोधा. बॅगेसारखं बंद होणारं, चावीचं, 1931 पासून बनलेलं. शेवटी ती चर असलेली रेकॉर्ड संपली की त्याचा ब्रेक आपोआप लागतो. तेवढी स्वयंचलितता पुरे. घरखर्चात काटकसर करून दरमहा जमेल तेवढं एका डब्यात बाजूला काढा आणि त्यातूनच घ्या, ठेवीला हात नको. घेण्याआधी स्वतःची एक तबकडी सोबत नेऊन पूर्ण वाजवून बघा, स्प्रिंग मध्येच दम टाकते का ते कळेल. दर बाजूला नवी सुई, आणि तबकड्या स्पिरिटने पुसू नका, त्या लाखेच्या असतात, लाख विरघळते.

फैयाज खाँसाहेब याच गावात दरबारी गायक होते. त्यांची एखादी तबकडी आजोबांच्या पेटीत निघाली तर पहिली तीच लावा, आणि वहिनींना शेजारी बसवून.

व्यापाऱ्याला बयाणा दिला असेल तर आजच चिठ्ठी करून परत मागा. आणि ठेवीची मुदत कधी संपते ते लिहिलेलं नाही. ती तारीख कळवा, पुढचं त्यावर ठरवू.