तिजोरीतला पावसाळा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन बंदुकीच्या तिजोरीबद्दलची आहेत. तिघांचंही दुखणं एकच, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : वडिलांकडून आलेली आणि आता माझ्या परवान्यावर असलेली बारा बोअर बंदूक माहीमच्या घरी तिजोरीत असते. समुद्र हाकेच्या अंतरावर. तिजोरी नवी आहे, दाराला रबराची पट्टी आहे, आत फोमचं अस्तर आहे. सिलिका जेलच्या पाच-पाच ग्रॅमच्या चार पुड्या ठेवल्या, तरी ऑगस्टमध्ये नळीवर तपकिरी ठिपके आले. पाणी शिरतंय कुठून?

उत्तर : पाणी शिरत नाहीये, हवा शिरतेय. गंज धरायला थेंब लागत नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण 60-65 टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर न दिसणारा ओलावा बसतो. त्यात घामाचं किंवा खाऱ्या वाऱ्याचं मीठ असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही काम सुरू होतं.

आता पुड्यांचा हिशोब पाहा. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असताना 200 लिटरच्या तिजोरीतल्या हवेत जेमतेम 5 ग्रॅम पाणी असतं. ते 50 टक्क्यांवर आणायला 2 ग्रॅम शोषावं लागतं. त्या पातळीला सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरतं, म्हणजे तुमच्या 20 ग्रॅमनी 4 ग्रॅम. दोनदा दार पूर्ण उघडलं की पुड्या संपल्या! त्या दुकानातच सर्दावलेल्या असतील तर तेवढ्याही नाहीत. शिवाय हवेपेक्षा कितीतरी जास्त पाणी फोममध्ये मुरलेलं असतं, आणि तिजोरी अग्निरोधक असेल तर तिच्या भिंतींत भरलेल्या मिश्रणातूनही ओल येते.

म्हणून 200 लिटरला निदान अर्धा किलो जेल घ्या, नारिंगी रंगाचं. सुती पिशव्यांत भरून एक वर आणि एक खाली ठेवा. आधी कोरड्या दिवशी किंवा एसी लावलेल्या खोलीत, सामान हलवून कुलपात ठेवून, रिकामी तिजोरी दिवसभर उघडी ठेवा. पहिली भरती तीन-चार दिवसांतच रंग बदलेल. ते जेल वाईट नव्हे, ते फोम सुकवतंय. ती काढून दुसरी घाला, मग ती कितीतरी दिवस पुरते. भिजलेलं जेल जुन्या ओव्हनमध्ये, धातूच्या ताटात पातळ पसरून, 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराईड असतं, ते विषारी आहे. ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यात ते नको.

आत एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) हवाच, पण जेलपासून लांब. स्वस्तातला असेल तर आधी पारखून घ्या : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं भिजवा, हायग्रोमीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. आकडा 75 यायला हवा. फरक पडला तर तेवढा मनात धरून वाचा. (ते मीठ तिजोरीजवळ नेऊ नका.) आत 45-50 टक्के राखा. 40 च्या खाली गेलात तर लाकडी दस्ता आक्रसतो.

बंदूक चामड्याच्या किंवा लोकरी खोळीत घालून आत ठेवत असाल तर आजच काढा. खोळ ओल धरून ती नळीलाच टेकवते.

प्रश्न : जेलऐवजी तिजोरीत बसवायचा हीटर रॉड घ्यावा का? की दोन्ही ठेवावेत? कपड्यांच्या कपाटात टांगतात त्या ओल शोषणाऱ्या पिशव्या चालतील का?

उत्तर : दोन्ही एकत्र नकोत. रॉड पाणी काढत नाही, फक्त हवा गरम करतो. 28 अंशांची 85 टक्क्यांची हवा 34 अंशांवर नेली की आकडा 60 वर येतो. गरम हवेला बाहेर पडायला वर थोडी फट लागते, जेलला मात्र तिजोरी घट्ट बंद लागते. आणि रॉडशेजारचं जेल तापून आपलंच पाणी परत सोडतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आमचं मत जेलच्या बाजूने आहे. कारण साधं : गणपतीला गावी निघताना घरचं कोणीतरी मेन स्विच बंद करतंच, आणि नेमकी ती दमट हवा असते.

टांगायच्या पिशव्यांत कॅल्शियम क्लोराईड असतं. ते ओल ओढून खारं पाणी होतं, आणि ती पिशवी फुटली किंवा कलंडली तर एका रात्रीत जी नासाडी होईल ती दहा पावसाळ्यांत होणार नाही. कपड्यांपुरतंच ठीक. तांदूळ फार कमी शोषतात, आणि डांबरगोळ्यांचा गंजाशी काही संबंध नाही.

प्रश्न : दसऱ्याला शस्त्रपूजा करतो. नंतर दरवर्षी गंधाच्या जागी डाग राहतो. आई खोबरेल लावून पुसायला सांगते. योग्य आहे का?

उत्तर : आईंचं पुसायला सांगणं बरोबर, तेल मात्र बदला. खोबरेल आणि खाण्याची तेलं हवेत हळूहळू आंबतात, चिकट होतात आणि चापाच्या यंत्रणेत धूळ धरतात. खनिज तेल वापरा. बंदुकीचं नसेल तर शिलाई मशीनचं चालतं, पण ते पातळ असल्याने ओघळतं, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हात फिरवा. काडतुसांना तेल लागू देऊ नका, आणि झाडण्याआधी नळी आतून कोरडी पुसा.

पूजेत ओलं गंध, हळद-कुंकू आणि फुलांचा रस रात्रभर धातूवर राहतो, तोच डाग. आधी, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळीवर मेणाचं पातळ बोट फिरवा. गंध दस्त्याला किंवा पाटाला लावलं तरी पूजा होतेच. संध्याकाळी सगळं पुसून, तेलाचा हात देऊन मगच तिजोरीत. हातांचे ठसेही पुसा, तेही मीठच आहे.

पडलेल्या डागाला लिंबू, चिंच किंवा भांड्यांची पावडर लावू नका. गंजाबरोबर नळीचं काळं ब्लूइंगही, म्हणजे पोलादावरचा संरक्षक थरही, निघून जाईल. तेल टाकून तासभर थांबा, मग चार शून्यांच्या (0000 क्रमांकाच्या) बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा. नखाला खड्डा जाणवला तर थांबा आणि परवानाधारक कारागिराला दाखवा. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावरही तिजोरीत ढकलण्याआधी हीच तपासणी करा, खासकरून नळीच्या आत.