सुरुवातीला नको, नंतर नक्की

"मावशी, मी २४ वर्षांची आहे. दीड वर्षापासून आमचे शरीरसंबंध आहेत. कंडोम दरवेळी असतो. सुरुवातीला त्याला नको असतो, पण नंतर तो नक्की घालतो. तो खरंच समजूतदार आहे. माझा प्रश्न आकड्यांचा आहे. एकीकडे वाचलं, कंडोम ९८ टक्के प्रभावी. दुसरीकडे वाचलं, ८७ टक्के. खरं कुठलं? आणि ९८ धरले तरी पन्नास वेळांत एकदा दिवस जाणारच ना? पाळीच्या आधीचा आठवडा मला झोप लागत नाही. आताही आठ दिवस बाकी आहेत आणि मी रोज तारखा मोजतेय."

बाळा, सगळं पत्र आकड्यांचं लिहिलंस आणि ज्या एका वाक्यात उत्तर आहे ते घाईघाईने उरकून पुढे गेलीस. "सुरुवातीला त्याला नको असतो, पण नंतर तो नक्की घालतो." अगं, याला दरवेळी कंडोम वापरणं म्हणत नाहीत.

तुझे दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही वर्षभराचे आहेत, एकेका वेळेचे नाहीत. शंभर जणी वर्षभर फक्त कंडोमवर विसंबल्या आणि त्यांनी तो प्रत्येक वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वापरला, तर वर्षात साधारण २ जणींना दिवस जातात. माणसं प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला, म्हणजे कधी उशिरा, कधी अजिबातच नाही, कधी मध्येच काढून, तर साधारण १३ जणींना. काहीच न वापरणाऱ्या शंभर जणींमध्ये हाच आकडा ८५ च्या आसपास जातो. तेव्हा पन्नास वेळांचा तुझा गुणाकार सोडून दे. पण स्वतःला ९८ मध्ये धरणंही सोड. त्या २ आणि १३ मधलं अंतर रबराच्या दोषाने पडत नाही, ते बहुतेक तुमच्यासारख्या वापराने पडतं.

वीर्य बाहेर पडण्याच्या आधी जो चिकट स्राव येतो, तो पुरुषाला थांबवता येत नाही, कळतही नाही. काही पुरुषांच्या त्या स्रावात जिवंत शुक्राणू असतात. तुझ्या मित्राच्या असतात का, हे तो सांगू शकत नाही आणि तूही ओळखू शकत नाहीस. म्हणूनच कंडोम उलटा लावला गेला तर तो फिरवून वापरू नये, टाकून नवा घ्यावा: टोकाला लागलेला थेंब आता बाहेरच्या बाजूला आलेला असतो. एका थेंबासाठी अख्खा कंडोम फेकायला सांगतात आणि तुम्ही सुरुवातीची सगळी वेळ तसेच असता! शिवाय शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, त्यामुळे ॲपमधल्या "सुरक्षित" तारखांवर मी तुला विसंबू देणार नाही. आणि लैंगिक आजारांचा संसर्ग तर वीर्याची वाटही बघत नाही. त्वचेला त्वचा लागून, त्याच स्रावातून तो होऊ शकतो.

आता त्याच्याबद्दल. समजूतदार आहे म्हणतेस. असेल. पण त्याच्या त्या काही मिनिटांची किंमत महिन्यातले सात दिवस जागून कोण भरतंय? ही सात रात्रींची गोष्ट त्याला माहीत आहे का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. तू घाबरतेस, मोजतेस, वाचतेस, मला लिहितेस, आणि त्याला एवढंच ठाऊक आहे की आपण नंतर घातला म्हणजे झालं. मला त्याचा राग आला आहे, आणि तू त्याची बाजू सांभाळत बसलीस याचा थोडा तुझाही.

या महिन्याचं सांगते. पाळी ठरल्या दिवशी आली नाही तर त्याच दिवशी घरी टेस्ट कर. पाळी एरवीही मागेपुढे होत असेल, तर शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेल्या टेस्टवर विश्वास ठेव. त्याआधी केलेल्या टेस्टवर "नाही" दिसलं तरी ते पक्कं नसतं. पुढे कधी कंडोम फाटला, निसटला, तर पाळीची वाट बघू नकोस. इमर्जन्सी गोळी जितकी लवकर तितकी बरी, तीन दिवसांच्या आत. पाचव्या दिवसापर्यंत डॉक्टरांकडे कॉपर-टीचाही उपाय असतो.

पण माझं खरं सांगणं एकच आहे. कंडोम अंगाला अंग लागण्याच्या आधी. नंतर नाही, मध्येच नाही. लिंग ताठ झालं की लगेच, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा, आणि बाहेर येताना ताठरपणा जायच्या आत मुळाशी धरून बाहेर यायचं. हे त्याला पलंगावर सांगू नकोस, तिथे तू पुन्हा "बरं, थोडा वेळ" म्हणशील. आजच फोन कर. त्या सात रात्रींचं सांग, आणि मग हा नियम सांग. कारण विचारलं तर हे पत्र वाचायला दे. तो "ठीक आहे" म्हणाला तर उत्तम. कुरकुरला, तर पुढच्या भेटीत कपडे अंगावरच राहू देत.