लाल पेनाने केलेला गोल

"मॅडम, आईचं तीन नंबरला गेलंय. वर दोन जागी पॉझिटिव्ह. तिला काय सांगू?"

इंदूरच्या रामबागेतला मुलगा, पंचविशीतला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) आईला बाहेर बाकावर बसवून एकटाच आत आला. आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात 'ग्रेड 3' भोवती लाल पेनाने दोनदा गोल, 'ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह' खाली रेघ. 'हर टू निगेटिव्ह'पुढे (हर टू म्हणजे पेशींची वाढ करवणारं एक प्रथिन) मात्र बारीक बरोबरची खूण. तेवढंच त्याला चांगलं वाटलेलं.

असा रिपोर्ट वाचताना हे दोन घोटाळे फार जणांचे होतात: ग्रेडलाच स्टेज समजणं, आणि 'पॉझिटिव्ह' म्हणजे वाईटच धरणं. कोविडने तर 'पॉझिटिव्ह' शब्दाचा धसकाच बसवलाय.

आजार कुठवर पोचला, ते स्टेज सांगते. त्याची आई या रिपोर्टात अशी होती: गाठ 1.8 सेंटीमीटर, काखेतल्या तपासलेल्या 14 ग्रंथींत कुठेही कॅन्सर नाही. दुसरीकडे काही नसेल तर ही पहिली स्टेज. या ओळीला त्याने पेन लावलंच नव्हतं!

ग्रेड म्हणजे पेशींची चाल. नळ्यांसारखी रचना कितपत टिकलीय, केंद्रकं किती वेडीवाकडी, विभाजन किती जोरात, अशा तिन्हींना 1 ते 3 गुण देतात. बेरीज 8 किंवा 9 आली की ग्रेड 3. म्हणजे पेशी झपाट्याने वाढणाऱ्या. हे मी गोड करून सांगितलं नाही. केमो द्यायची का, हे ठरवताना डॉक्टर ग्रेड बघतातच.

आणि ईआर, पीआर? पेशींतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही स्त्री-हार्मोन्स पकडणारे रिसेप्टर. ईआरच्या चाचणीत 1 टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह लिहितात, इथे 90 टक्के होत्या. गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते, म्हणून ही रसद तोडणाऱ्या गोळ्या लागू पडण्याची आशा. पाळी गेलेल्या बाईला बहुधा लेट्रोझोलसारखी गोळी, पाळी चालू असेल तर बरेचदा टॅमॉक्सिफेन. साधारणपणे कमीत कमी 5 वर्षं.

"म्हणजे मी उलटंच वाचलं?"

"अर्धं. आता काकूंना आत बोलाव."

त्या आल्या, पर्स मांडीवर ठेवली. "मला कळलंय हो. तीन दिवस झाले, घरात टीव्हीसुद्धा हळू लावतात."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"गोळी दिली, तर उपाशीपोटी की जेवून?"

"लेट्रोझोल कशीही चालते. वेळ तेवढी एकच ठेवा."

"मग पूजा झाल्यावर घेईन," म्हणाल्या, आणि मुलाच्या हातून रिपोर्ट काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.