सारखं घड्याळ बघायची सवय कशी मोडायची?

दर पाच मिनिटांनी वेळ बघतो, अभ्यासाला बसलो तरी तेच, काय करू असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर-बिक्टर नाही, पण या रोगाचा जुना पेशंट आहे म्हणून लिहितो.

मला ही सवय लोकलने लावली. डोंबिवली ते व्हीटी (आताचं सीएसएमटी), १७ वर्षं. आणि आमच्याकडे गाडी सव्वाआठची नसते हो, आठ-सतराची असते, ती चुकली की पुढच्या गाडीत दारात लटकायचं आणि वर ऑफिसात लेटमार्क. त्यामुळे दात घासताना घड्याळ, चहा घेताना घड्याळ, बूट घालताना घड्याळ. नंतर काम घरूनच सुरू झालं, गाडी सुटली कायमची, पण मान वळायची ती वळतच राहिली.

एकदा जेवताना मनगटाकडे बघितलं आणि तेवढ्यात बायकोने विचारलं किती वाजले, तर मला सांगताच येईना! आत्ता बघितलेलं, तरी परत बघावं लागलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी वेळ बघतच नव्हतो, उशीर तर नाही ना झाला एवढंच तपासत होतो. नाही झाला म्हटलं की जीव भांड्यात, आणि पाच मिनिटांत ते भांडं परत रिकामं. जितकं तपासाल तितकं जास्त तपासावंसं वाटतं, सगळी गोम इथेच आहे.

पहिलं काम केलं ते घरातली घड्याळं खरी केली. आमचं हॉलमधलं दहा मिनिटं पुढे, किचनमधलं पाच की सात, नक्की कुणालाच माहीत नाही (तुमच्याकडेही असेलच असं एखादं). म्हणजे हॉलचं बघायचं, मनात वजाबाकी करायची, मग खात्रीसाठी मोबाइल काढायचा, मोबाइलमध्ये व्हॉट्सॲप, आणि वीस मिनिटांनी बाहेर आलो तरी किती वाजले ते माहीत नाहीच. मुंबईची ही खोड तशी जुनी म्हणा, देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी इथे तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत वापरात होती. त्या काळातल्या लोकांनी किती वजाबाक्या केल्या असतील देव जाणे.

मग एक साधं गजराचं घड्याळ आणलं, टेबलावरचं. कामाला बसताना पाऊण तासाचा गजर लावायचा आणि घड्याळाचं तोंड भिंतीकडे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. राखण करायचं काम गजराकडे दिलं की आपण मोकळे. पहिले चार दिवस हात शिवशिवतो, खोटं नाही सांगत, पण डास चावल्यावर न खाजवता बसलं की कसं दोन-तीन मिनिटांत ते ओसरतं तसंच हे. रात्री पण तोंड भिंतीकडेच ठेवा, झोप न येणाऱ्यांना डॉक्टरही हेच सांगतात. मी तीन वाजता उठून 'आत्ता झोपलो तर पावणेतीन तास मिळतील' असला हिशोब करायचो आणि त्या हिशोबानेच टक्क जागा व्हायचो.

पण खरा फरक पडला तो अंदाजाने. बघायचंच असेल तर आधी किती वाजले असतील ते मोठ्याने बोलायचं, मग बघायचं. सुरुवातीला अर्धा-अर्धा तास चुकायचो. हळूहळू कान उघडले, वरच्यांचा कुकर, शाळेच्या व्हॅनचा हॉर्न, नळाला पाणी आल्याचा आवाज, बाल्कनीतलं ऊन तुळशीपर्यंत आलं की नाही, या सगळ्यात वेळ असते. १८७८ ला पूर्ण झालेल्या मुंबईतल्या त्या राजाबाई टॉवरची, घड्याळाच्या मनोऱ्याची, गोष्ट सांगतात ना, त्याला पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंदांच्या आईला दिसत नव्हतं, टॉवरच्या घंटेवरून तिला वेळ कळायची, खरी-खोटी माहीत नाही पण मला ती आता जास्त पटते.

परीक्षेच्या टेन्शनने छातीत धडधड होऊन बघितलं जात असेल, न बघता राहवतच नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोला, तिथे गजराने भागणार नाही.

माझं म्हणाल तर दोन-अडीच महिने लागले. परवा संध्याकाळी लाइट गेले होते, अंधारात बायकोने विचारलं किती वाजले, मी न बघता म्हटलं पावणेआठ. तिने मोबाइल बघितला, सात बावन्न.

"सात मिनिटं चुकलास," म्हणाली, "आठ-सतरा गेली असती तुझी."