नगरपरिषदेत एचआर नेमकं काय करतं?

तुम्ही विचारलंय की एचआरमध्ये एमबीए केलंय, गावी कोकणात परतायचंय, तर नगरपरिषदेत हा विभाग असतो का आणि तिथं काम काय असतं. किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेत माझी बरीच वर्षं गेली, त्यावर सांगतो.

विभाग असतो, पण दारावर एचआरची पाटी नसते. त्याला आस्थापना म्हणतात. लहान गावात आस्थापना म्हणजे एक लिपिक, दोन लोखंडी कपाटं आणि वर मुख्याधिकारी. किती पदं असावीत ते आकृतिबंधात शासन ठरवतं, पगार वेतन आयोगाच्या शिफारशींवरून ठरतो. त्यामुळे माणूस निवडणं, पगाराची बोलणी करणं हे तुमचं शिक्षण इथं फारसं लागत नाही. लागतं ते सेवापुस्तक नीट ठेवणं. नेमणूक, वेतनवाढ, रजा, शिक्षा, वारसाचं नामनिर्देशन, सगळं त्यात येतं. आज राहिलेली नोंद वीस वर्षांनी कुणाच्या तरी पेन्शनला आडवी येते.

आमच्याकडच्या एका सफाई कामगाराचं उदाहरण देतो. निवृत्तीला वर्ष उरलं म्हणून पेन्शनचे कागद काढले, तर सेवापुस्तकात जन्मतारीख आकड्यात 1.6.1960 आणि त्याच ओळीत अक्षरी ‘एक जून एकोणीसशे एकसष्ट’. (एक जूनचं नवल नव्हतं. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख, निम्मं गाव त्याच दिवशी जन्मलेलं.) चतुर्थ श्रेणीला निवृत्ती साठाव्या वर्षी, म्हणजे 31 मे. पण कुठल्या सालची? जन्मतारखेची दुरुस्ती नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत मागायची असते. नंतर लेखनिकाची चूक होती हे सिद्ध करावं लागतं. तीस वर्षांत ते पान कितीदा उलटलं असेल, त्यात मीही आलो, पण अक्षरी तारीख कुणी वाचलीच नव्हती. त्यात पावसाळ्यात कपाटाला बुरशी येते, शाई पसरलेली. शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा काढला, साठ साल निघालं. तोवर ते काका दर सोमवारी बाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. ‘झाला काय?’ एवढंच विचारायचे.

सफाई कामगारांच्या बाबतीत आस्थापनेचं दुसरं मोठं काम वारसा हक्काचं. सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे कामगार निवृत्त झाला तरी वारसाला नोकरी मिळू शकते. अनुकंपा वेगळी, ती सेवेत असताना मृत्यू झाला तर. लोक दोन्ही एकच समजतात आणि भलत्याच अर्जावर वर्ष घालवतात. टेबलावर बसलेल्याने हे पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ‘उद्या या’ सांगतात.

ठेकेदाराची माणसं आपली नव्हेत असं सगळे म्हणतात. पण ठेकेदाराने मजुरी बुडवली तर कायद्याने ती मूळ मालकाने, म्हणजे नगरपरिषदेने द्यायची असते. मी बिलासोबत भविष्य निर्वाह निधीचं चलन आणि नावांची यादी मागायचो. ठेकेदाराला राग यायचा, नगरसेवकाचा फोन यायचा. कधी रेटून नेलं, कधी गप्प बसलो.

आणि गणपती! किरकोळ रजा वर्षाला आठ, त्या सगळ्यांना त्याच आठवड्यात हव्या असतात, आणि त्याच आठवड्यात चाकरमानी येऊन कचरा दुप्पट होतो. मी दीड दिवसवाले, पाच दिवसवाले आणि अनंत चतुर्दशीवाले अशा याद्या करायचो आणि मुकादमाला समोर बसवूनच पाळ्या लावायचो. गौरी ज्यांच्या घरी, त्यांच्यावर भांडण यायचंच.

तुमच्या डिग्रीचं म्हणाल, तर एचआर म्हणून वेगळी जागा मी तरी पाहिली नाही. करनिर्धारण व प्रशासकीय सेवा हा नगरपरिषदांमधल्या अधिकाऱ्यांचा राज्यस्तरीय संवर्ग आहे, त्याची परीक्षा द्या. फक्त नेमणूक तुमच्याच गावात होईल हे धरून बसू नका.